आतल्या बाजूची खोली

परक्या शहरात दोन-तीन रात्रींपुरते जायचे असले की राहण्याच्या जागेकडून आपली फार मोठी अपेक्षा नसते. खोली स्वच्छ असावी, खिशाला परवडावी आणि रात्री झोप लागावी, एवढे पुरे असते. पहिल्या दोन गोष्टींची शहानिशा करणे तसे सोपे आहे, कारण स्वच्छता छायाचित्रांत थोडीफार दिसते आणि भाडे आकड्यांत लिहिलेले असते. शांततेचे छायाचित्र मात्र निघत नाही. हॉटेलच्या सुविधांच्या यादीत वायफाय असते, इस्त्री असते, केस वाळवण्याचे यंत्र असते, पण रात्री अकरानंतर या खोलीत काय काय ऐकू येते हे तिथे कोणी लिहीत नाही. त्यामुळे जी गोष्ट आपल्याला सर्वांत जास्त हवी असते, नेमके तिच्याच बाबतीत आपण रामभरोसे पैसे भरून मोकळे होतो.

हे दुखणे आजकालचे नाही. प्राचीन रोममध्ये दिवसा रस्त्यांवर गाड्यांची फार दाटी होते, म्हणून ज्यूलियस सीझरच्या काळातल्या कायद्याने बहुतेक मालगाड्यांना सूर्योदयापासून दुपार उलटेपर्यंत शहरात मज्जाव केला. दिवसाची सोय झाली खरी, पण तीच चाके आता रात्री दगडी रस्त्यांवरून खडखडत जाऊ लागली. पुढे सुमारे दीडशे वर्षांनी एका रोमन कवीने वैतागून विचारले आहे, की भाड्याच्या कोणत्या खोलीत झोप येते? या शहरात झोपायचे तर गडगंज संपत्ती हवी, असा त्याचा निष्कर्ष होता. शांतता ही श्रीमंतांची चीज आहे हा समज तेव्हापासून पक्का आहे आणि स्वस्त खोली घेतली म्हणजे गोंगाट पदरी पडायचाच, असे मानून पुष्कळ लोक एक तर ऐपतीबाहेर खर्च करतात किंवा रात्रभर कूस बदलत राहतात.

मला हे पटत नाही. खोलीच्या भाड्यातला बराच हिस्सा खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचा असतो. समोर चौक, नदी, समुद्र किंवा एखादी प्रसिद्ध इमारत दिसत असेल तर भाडे चढते, आणि गंमत अशी, की शहराचा आवाजही त्याच खिडकीतून आत येतो. उलट इमारतीच्या मागच्या अंगाला, आतल्या चौकाकडे किंवा शेजारच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसलेली खोली कोणी हौसेने मागत नाही, म्हणून ती स्वस्त असते, आणि रस्ता आणि तिच्यामध्ये अख्खी इमारत उभी असल्यामुळे पुष्कळदा तीच सर्वांत शांत असते. ज्याला रात्री खिडकीत बसायचे नसून झोपायचे आहे, त्याने देखाव्याचे पैसे का मोजावेत?

रस्त्याचा आवाज अंतराने फार हळू कमी होतो. वाहता रस्ता हा आवाजाचा एक लांबच लांब पट्टाच असतो, त्यामुळे त्याच्यापासूनचे अंतर दुप्पट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने उतरतो, आणि डेसिबलचा हिशेब असा आहे की कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबलची घट व्हावी लागते. म्हणजे तोच रस्ता नजरेसमोर ठेवून थोडे लांब सरकून काही साधत नाही, आडोसा पाहिजे. युरोपीय महासंघाच्या २००२ च्या ध्वनिविषयक निर्देशात इमारतीच्या ‘शांत बाजू’ची व्याख्याच दिलेली आहे: सर्वांत गोंगाटाच्या बाजूपेक्षा २० डेसिबलहून अधिक शांत असेल ती. एकाच इमारतीच्या दोन अंगांमध्ये एवढा फरक पडू शकतो, हे ध्यानात घेतले तर ‘हॉटेल शांत आहे का’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. हॉटेल शांत नसते, खोली शांत असते. त्याच निर्देशामुळे तिथल्या एक लाखाहून जास्त वस्तीच्या नागरी क्षेत्रांना दर पाच वर्षांनी आवाजाचे नकाशे तयार करावे लागतात आणि ते लोकांना पाहायला खुले असतात. प्रवासाची तयारी करताना हे नकाशे उघडणारा माणूस विक्षिप्त समजला जाईल, पण झोपेच्या बाबतीत तो बाकीच्यांपेक्षा नक्कीच पुढे असेल.

आवाजाचे प्रमाण किती असावे याचेही आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार झोपण्याच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा आणि मधूनच उठणारा एखादा आवाज ४५ च्या पलीकडे जाऊ नये. यातला दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. पंख्याची किंवा जुन्या एसीची एकसुरी घरघर माणूस पचवतो, कधी कधी तिच्या आडोशाने बाकीचे आवाज बुजतातही. झोपेचे खोबरे करतो तो अवचित येणारा आवाज. बसचा ब्रेक, दार आपटणे, पहाटे कचऱ्याच्या गाडीत पालथे होणारे डबे. म्हणून नकाशा पाहताना नुसता मोठा रस्ता टाळून भागत नाही. सिग्नल, चढण, बसथांबा, रुग्णालयाचे किंवा अग्निशमन केंद्राचे फाटक, रात्री उशिरापर्यंत चालणारी मद्यशाळा, यांच्यापाशी वाहने आणि माणसे थांबतात, निघतात, ओरडतात, आणि हे सगळे गल्ली अरुंद असली तरी होतेच.

थोड्या दिवसांच्या मुक्कामाची आणखी एक अडचण आहे. अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचे एक चमत्कारिक रूप दाखवले. नव्या जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीइतकी गाढ झोपत नाही. जणू पहाऱ्यावर बसते. उजव्या कानातला आवाज मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूकडे जातो, आणि त्या कानात ऐकवलेल्या आवाजाने झोपलेली माणसे अधिक चटकन जागी होत होती, आणि पुढच्या खेपेला त्याच जागी झोपवल्यावर हा फरक उरला नाही. (तेव्हा पहिल्या रात्री उजवा कान उशीत दाबून झोपावे काय, हा प्रश्न संशोधकांनी आपल्यावर सोपवलेला दिसतो.) आठ-पंधरा दिवस राहणाऱ्याला पहिल्या रात्रीची तूट पुढे भरून काढता येते. दोन रात्रींच्या पाहुण्याची मात्र निम्मी झोप याच पहाऱ्यात जाते, म्हणून शांत खोलीची गरज त्याला जास्त असते, आणि शोधायला वेळ तोच कमी देतो.

शोधायचे कुठे, याचे उत्तरही देखाव्याच्या नियमानेच मिळते. जिथे लोकांना त्या वेळी जायचे नसते, तिथे जावे. कार्यालयांनी भरलेला भाग शनिवार-रविवारी ओस पडतो, तिथली हॉटेले नोकरीनिमित्त फिरणाऱ्यांच्या जिवावर चालत असल्याने त्या दोन रात्री भाडी पुष्कळदा उतरवतात, आणि रस्त्यावर चिटपाखरू नसते. सुट्टीच्या दिवसांत विद्यार्थी घरी गेले की ब्रिटनमधली अनेक विद्यापीठे आपल्या वसतिगृहांतल्या खोल्या बाहेरच्यांना भाड्याने देतात; खोली साधी, पलंग अरुंद, पण अभ्यासासाठी बांधलेली. इटलीत काही मठ पाहुण्यांना खोल्या देतात आणि रात्री ठरल्या वेळी दार लावून घेतात. या दार लावण्याबद्दल लोक कुरकुर करतात, पण मध्यरात्री दोन वाजता जिन्यात कोणी गाणे म्हणणार नाही, याची त्याहून स्वस्त हमी दुसरी नाही. ज्याला रात्री उशिरापर्यंत भटकायचे आहे त्याने अर्थात तिकडे फिरकू नये.

सामायिक दालनात रात्र काढण्याची पद्धत मात्र शांततेच्या दृष्टीने बेभरवशाची आहे. जर्मनीतल्या आल्टेना किल्ल्यात १९१२ मध्ये पहिले कायमस्वरूपी युवक वसतिगृह सुरू झाले, आणि १९७९ मध्ये जपानमधल्या ओसाकात पहिले कॅप्सूल हॉटेल, म्हणजे एका दालनात रचलेल्या, जेमतेम आडवे होण्यापुरत्या कप्प्यांचे हॉटेल, उघडले. दोन्ही कल्पनांनी असंख्य लोकांना परवडणारे छप्पर दिले, हे मान्यच करायला हवे. पण पडद्याने नजर अडते, घोरणे अडत नाही.

पूर्वी राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचायचे तर तारे मोजू नयेत. समाधानी माणूस न्याहारीबद्दल लिहितो. न झोपलेला माणूस तपशिलाने लिहितो, आणि आपल्याला तोच उपयोगाचा. कोणत्या मजल्यावर, कोणत्या बाजूला, किती वाजता, काय वाजत होते, हे तो रागाच्या भरात सगळे सांगून जातो. अशा चार तक्रारी एकत्र वाचल्या, की पुष्कळदा ध्यानात येते, की सगळ्यांचे रडगाणे रस्त्याकडच्या खोल्यांबद्दल आहे आणि मागच्या बाजूबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. असे हॉटेल मी वगळत नाही. उलट तिथेच फोन लावतो.

फोन रात्री दहाच्या पुढे करावा, हे माझे ठाम मत आहे. एक तर त्या वेळी फोन उचलणारा माणूस रात्रपाळीचा असतो, आणि इमारत रात्री कशी वाजते हे दिवसा काम करणाऱ्या व्यवस्थापकापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते. दुसरे म्हणजे त्याच्या मागे काय चालले आहे ते आपल्यालाही ऐकू येते. ‘तुमच्याकडे शांत खोली आहे का’ असे विचारले तर उत्तर ‘हो’च येणार, ते त्याच्या नोकरीतच आहे. म्हणून मी विचारतो, ‘खिडकी कोणत्या बाजूला उघडते?’ तो ‘आतल्या चौकात’ म्हणाला, की पुढचा प्रश्न, ‘त्या चौकात स्वयंपाकघराचा पंखा किंवा एसीची यंत्रे आहेत का?’ इथे माणूस थांबतो. ही दोन क्षणांची थांबण्याची जागा सगळ्यात बोलकी असते. मग सहसा आवाज जरा खाली आणून तो म्हणतो, ‘असं करा, तुम्ही चौथ्या मजल्यावरची शेवटची खोली घ्या. लहान आहे, पण आमच्याकडे नेहमी येणारे एक गृहस्थ तीच मागतात.’ झाले. नेहमी येणाऱ्या माणसाने शोधून ठेवलेली खोली आपण फुकटात मिळवली.

बाहेरचा बंदोबस्त झाला तरी इमारतीच्या पोटातले आवाज उरतातच, आणि त्यांतला सर्वांत दगाबाज म्हणजे दोन खोल्यांना जोडणारे दार. मोठ्या कुटुंबांना दोन खोल्या एकत्र देता याव्यात म्हणून ते ठेवलेले असते. पुढे कपड्यांचा स्टँड किंवा खुर्ची सरकवून ते झाकतात, म्हणून आत शिरल्या शिरल्या दिसत नाही. वाकून पाहिले तर खाली बोटभर फट असते आणि तिच्यातून पलीकडच्या दिव्याची पट्टी आपल्या गालिच्यावर पडलेली असते. उजेड येतो तिथून आवाज येतोच. ध्वनिशास्त्राचा साधा हिशेब आहे, की भिंतीच्या क्षेत्रफळाच्या अवघा १ टक्का भाग उघडा राहिला तर बाकीची भिंत कितीही भक्कम असली तरी एकूण आवाज २० डेसिबलहून जास्त अडत नाही. तळाला भोक असलेली बादली किती जाड पत्र्याची आहे याला जसा अर्थ नसतो, तसेच हे. मग पलीकडच्या गृहस्थांचा पहाटेचा गजर हा आपलाही गजर होतो, आणि ते तो तीनदा पुढे ढकलणाऱ्यांपैकी असले तर पाहायलाच नको. अशी फट दिसली तर अंघोळीचा जाड टॉवेल गुंडाळून तिथे दाबून ठेवावा. लिफ्ट, जिना आणि सफाईचे सामान ठेवण्याची खोली यांच्या शेजारची खोली टाळावी, हे बहुतेकांना माहीत असतेच.

कानात घालायच्या बोळ्यांवर अनेकांची भिस्त असते. ते जवळ ठेवावेतच, पण त्यांच्या भरवशावर खोली निवडू नये. नीट बसवले तर ते बोलण्याचा आणि भांड्यांचा आवाज चांगला अडवतात. खालच्या मजल्यावरच्या संगीताचा धमधमाट मात्र भिंतीतून आणि पलंगातून येतो, आणि त्यापुढे बोळे हात टेकतात.

परवडण्याचा हिशेबही जरा बारकाईने करायला हवा. अख्खे घर भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळांवर रात्रीचे भाडे कमी दिसते, पण सफाईचे शुल्क बहुधा मुक्कामामागे एकदाच घेतात. दहा रात्रींत ते विरून जाते, दोन रात्रींच्या पाहुण्याच्या मात्र डोक्यावर बसते. काही शहरे पर्यटकांकडून माणशी आणि दर रात्री वेगळा कर घेतात, तोही पहिल्या पडद्यावर दिसतोच असे नाही. शहराच्या मध्यापासून दूर राहायचे तर रेल्वेच्या किंवा मेट्रोच्या थांब्यापासून चालत जाण्याजोगे राहावे आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते ते आधी पाहावे, नाहीतर खोलीत वाचवलेले पैसे मध्यरात्रीच्या टॅक्सीत जातात.

एवढे सगळे करूनही, पोहोचल्यावर किल्ली हातात घेताना खोली आधी पाहायला मागावी. कोणी नाही म्हणत नाही. बॅग उघडण्यापूर्वी आत जाऊन दार लावावे, एसी बंद करावा आणि मिनिटभर नुसते उभे राहावे. काही खटकले तर त्याच वेळी खाली जाऊन खोली बदलून मागावी. संध्याकाळी सहा-सातला स्वागतकक्षातल्या माणसापाशी चार किल्ल्या शिल्लक असतात आणि मनही मोठे असते, रात्री अकरा वाजता दोन्हींची टंचाई असते. बदलून देताना तो बहुधा दिलगिरीच्या सुरात सांगतो, की दुसरी खोली आहे खरी, पण मागच्या बाजूला आहे आणि तिथून काही दिसत नाही. अशा वेळी फार आनंद दाखवू नये. थोडे नाराज दिसल्यास भाड्यातही काही सूट मिळण्याची शक्यता असते.