बर्मा बाजारची बग्गी

शनिवार, रात्री

आज लहानपणीच्या रिमोटच्या खेळण्यातल्या गाडीचा गिअरबॉक्स उघडला आणि आतून 2019 च्या पुराची मळी निघाली. दातांच्या फटीत बसून वाळलेली, करड्या-तपकिरी रंगाची, टूथपिक लावली की पापुद्र्यानं सुटणारी. नदीकाठच्या रानात हीच मळी पसरली तर पीक जोमात येतं. इथं ती गिअरांच्या मधे इतकी घट्ट बसली होती की मागचं चाक हातानं फिरवलं तरी हलत नव्हतं. निघाली तेवढी एका कागदावर जमवून पुडी बांधून ठेवली आहे. टाकायचं मन झालं नाही.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45. गावभागातल्या आमच्या घराचा खालचा मजला अख्खा पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर गल्लीच्या दोन्ही बाजूंना जे ढीग लागले, ते मी अजून विसरलेलो नाही. गाद्या, धान्याची पोती, फुगलेली पुस्तकं, लोकांचे लग्नाचे अल्बम. आमची पत्र्याची ट्रंकही त्याच ढिगावर गेली. पण ती उचलून नेण्याआधी आईनं त्यातून ही गाडी काढली, नळाखाली धुतली, गच्चीवर वाळवली आणि पिशवीत बांधून वरच्या कपाटावर ठेवली. मला काही बोलली नाही. आता दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा पिशवी हाताला लागली. विचारलं तर म्हणाली, "दादानं आणलेली होती रे. टाकवंना."

दादा म्हणजे माझे मामा. विट्याकडच्या कितीतरी घरांतून माणसं गलाईच्या धंद्यात देशभर गेली, तसे मामाही गेले. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. त्यांचं दुकान मद्रासला सौकारपेठेत होतं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, बीच स्टेशनसमोर बर्मा बाजार. ब्रह्मदेशातून परतलेल्या लोकांनी 1969 मध्ये तिथं दुकानं मांडली आणि पुढं बाहेरच्या देशातला माल म्हटलं की लोक तिथंच जायचे. कॅसेट प्लेअर, कॅमेरे, घड्याळं. 1991 च्या दिवाळीला मामा तिथून निक्को या जपानी कंपनीची ही बग्गी घेऊन आले. पांढरी बॉडी, लाल पट्टे, मागं जाड काटेरी टायर. आमच्या गल्लीत तोवर गाड्या चावीच्या नाहीतर दोरीच्या. वायर नसताना लांबून चालणारी गाडी बघायला शेजारच्या वाड्यातली म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावर येऊन बसली होती.


रविवार

सकाळी गाडीतला सर्किट बोर्ड काढला. ही गाडी चालू होणार की नुसती शोभेची राहणार, ते इथंच ठरणार होतं.

आधी सेलची जागा. गाडीत सहा पेन्सिल सेल बसतात आणि त्यांच्या स्प्रिंगांवर पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारखा थर चढला होता. इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बरेच जण सरसकट लिंबू चोळतात. आपल्याकडं तेव्हा मिळायचे ते बहुतेक झिंक-कार्बनचे सेल. त्यात बाहेरचं जस्ताचं नळकांडंच वीज देता देता खपत जातं, शेवटी त्याला भोक पडतं आणि आतला रस बाहेर येतो. तो आम्लधर्मी असतो, म्हणून त्याला खायच्या सोड्याचं पाणी. अल्कलाइन सेल फुटला तर उलट. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, त्याला लिंबू किंवा व्हिनेगर. माझ्याकडं दोन्ही प्रकार निघाले. गाडीत झिंक-कार्बनची घाण, तर रिमोटमध्ये नंतर कधीतरी घातलेली 9 व्होल्टची अल्कलाइन बॅटरी. एका वाटीत सोडा आणि एका वाटीत लिंबू घेऊन बसलो. आई म्हणाली, सरबत करतोयस का काय.

बोर्ड तपकिरी फेनॉलिकचा आहे, एका बाजूलाच तांब्याच्या रेघा. आईनं तेव्हा लगेच स्वच्छ पाण्यानं धुतला नसता तर आज यातलं काही उरलं नसतं. पुराचं पाणी वाळताना मागं सगळे क्षार ठेवून जातं आणि दमट हवा लागली की ते तांबं खात राहतात. तरी दोन ठिकाणी रेघ हिरवी पडून तुटली होती. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशनं घासलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून उन्हात ठेवलं. तुटलेल्या जागी पातळ तार घालून डाग दिले. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे बदलले. त्यांच्या आतला द्रव इतक्या वर्षांत आटतोच, बाहेरून ते कितीही टवटवीत दिसोत. सिरॅमिकचे मात्र एकालाही हात लावला नाही.

आणि एका कॉइललाही लावला नाही. रिसीव्हरच्या भागात बोटाच्या पेरापेक्षा लहान कॉइल आहे, तिच्या मधोमध फेराइट या चुंबकी पदार्थाचा गाभा, वरून मेण ओतून बंद केलेला. कारखान्यात कुणीतरी तो फिरवून रिसीव्हर बरोबर 27 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणला आणि मग हलू नये म्हणून मेण सोडलं. मेणावर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाची बारीक खूण अजून आहे. भिंगातून ती बराच वेळ बघत राहिलो. पुरात आठवडाभर पाण्यात राहूनही मेण तसंच, गाभा तसाच. तो फिरवला तर जुळणी जाते, आणि जुना फेराइट ठिसूळ असल्यानं फुटायचीही भीती.

या रिसीव्हरची जात मला फार आवडते. सुपररिजनरेटिव्ह म्हणतात. अमेरिकन रेडिओ संशोधक एडविन आर्मस्ट्राँगनं 1922 मध्ये ही रचना मांडली. माझ्या गाडीत एकच ट्रान्झिस्टर, तो कंपन सुरू होण्याच्या उंबरठ्यावर सतत आणून सोडायचा. मग अगदी क्षीण लहर आली तरी तो तिला कितीतरी पटींनी मोठी करून देतो. लहरींची वारंवारता पक्की धरणारा क्रिस्टल फक्त रिमोटमध्ये, माझ्या रिमोटवर 27.145 छापलंय. गाडीत क्रिस्टल नाही, त्यामुळं तिचा कान मोठा. आजूबाजूचं सगळंच तिला ऐकू येतं. लहानपणी गल्लीतून एखादी मोपेड गेली की आमची बग्गी जागच्या जागी थरथरायची. आम्हाला वाटायचं तिला भीती वाटते. प्लगच्या ठिणगीतून निघणाऱ्या रेडिओ लहरी ती पकडत होती, हे कळायला इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष उजाडावं लागलं.

दुपारी माझा वर्गमित्र येऊन गेला. तो ड्रोन बांधतो, त्याचा हात या कामात माझ्यापेक्षा चांगला आहे. टेबलावरचा पसारा बघून म्हणाला, "कशाला त्या बोर्डात जीव घालतोयस? काढून टाक. टू पॉइंट फोरचा सेट घाल, नवा स्पीड कंट्रोलर घाल, संध्याकाळपर्यंत पळायला लागंल."

त्याचं चूक नाही. 2.4 गिगाहर्ट्झचा सेट आपल्या एका रिमोटशी जोडी बांधून घेतो, दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. स्टिअरिंगही हवं तेवढंच वळतं. माझ्या गाडीत स्टिअरिंग म्हणजे डावीकडं पूर्ण नाहीतर उजवीकडं पूर्ण, सोडलं की स्प्रिंगनं सरळ. मधलं काही नाही. पण तो सेट घातला तर जी पळेल ती निक्कोची बॉडी घातलेली दुसरीच गाडी. मामांनी आणली ती ही, हे मेण घातलेलं. मला जे परत चालू करायचंय ते याच्या आत आहे. मी तसं त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग स्वतःच भिंग घेऊन तुटलेली तिसरी रेघ शोधून दिली, जी माझ्या नजरेतून सुटली असती.

बॉडीचंही मी तेच ठरवलंय. पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडलंय. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पिवळेपणा जातो, अनेक जण करतात आणि छान करतात. मी नाही करणार. रंगही देणार नाही. डाव्या चाकाच्या वर पुराच्या पाण्याची पुसट रेघ आहे, ती राहू दे.


मंगळवार

मोटर. डब्यावर मबुची या मोटर कंपनीचा शिक्का अजून वाचता येतो. शाफ्टवर गंज होता, तो घासून काढला. कम्युटेटर काळा पडलेला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून साफ केला. कार्बन ब्रश अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत, कारण आम्हाला सेल मोजून मिळायचे आणि गाडी फार पळाली नाही. बुशांत शिलाई मशीनचं तेल, अगदी एकेक थेंब. मग तीन व्होल्टवर विनालोड बराच वेळ फिरत ठेवली, म्हणजे ब्रश कम्युटेटरवर नीट बसतात. टर्मिनलवरचा कपॅसिटर फुटला होता, तो नवा. तो नसेल तर मोटरच्या ठिणग्या तिच्याच रिसीव्हरला बहिरं करतात.


गुरुवार

पिनियनला, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरला, चीर. नायलॉनचा असतो, लोखंडी शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेला, वर्षानुवर्षं ताणात राहून उभा चिरतो. मोटर फिरते आणि पिनियन जागेवर. जुन्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

बँकेतून सुटल्यावर कुपवाड एमआयडीसीत तात्यांच्या लेथवर गेलो. तात्या पंपांचे शाफ्ट करतात. माझा पिनियन त्यांच्या तळहातावर तांदळाच्या दाण्याएवढा दिसत होता.

"ह्याला दात पाडायला माझ्याकडं कटर न्हाई ओ."

म्हटलं, तात्या, दात चांगले आहेत, फक्त चीर मिटायला पाहिजे.

त्यांनी तो उजेडात धरला, उलटा केला. दातांच्या मागं छोटी मान आहे. तिच्यावर नख फिरवलं. "मग धाव चढवू की. बैलगाडीच्या चाकाला चढवतात तशी. पण गरम न्हाई करायची, नायलॉन हाय."

पितळेच्या कांडीतून त्यांनी एक कडी काढली. आतलं माप मानेपेक्षा केसभर कमी. दोनदा व्हर्नियर लावलं, तिसऱ्यांदा अंदाजानंच टूल पुढं नेलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पितळेचा सोनेरी धागा गुंडाळत खाली पडत राहिला. मग पिनियन शाफ्टवर बसवून कडी व्हाइसमध्ये हळूहळू दाबली. चीर मिटत गेली, शेवटी भिंगातूनही दिसेना. पैसे विचारले तर म्हणाले, "गाडी घेऊन या एकदा, पळवून दाखवा."


रविवार

पळाली.

गिअरांना सिलिकॉन ग्रीस लावलं होतं (साधं पेट्रोलियमचं काही प्लॅस्टिकांना चालत नाही), नवे सेल घातले, रिमोटला 9 व्होल्टची बॅटरी. आधी गच्चीवर चाकं अधांतरी धरून बघितलं. पुढं, मागं, डावीकडं. उजवीकडं पहिल्यांदा वळेना, स्टिअरिंगच्या स्प्रिंगमध्ये मळीचा खडा अडकला होता, तो काढल्यावर वळली. मग घाटाकडं जाणाऱ्या गल्लीत खाली ठेवली. आई दारात खुर्ची घेऊन बसली. वीस-पंचवीस पावलांपर्यंत रिमोट ऐकते, पुढं थांबते. लहानपणीही साधारण तेवढंच. 27 मेगाहर्ट्झची लहर 11 मीटर लांब, हातातल्या हातभर अँटेनाला तेवढं जमतं हेच खूप.

टायर कडक झालेत, फरशीवर घसरतात. आवाज जुनाच, गिअरांचा किरर्र असा. दुधवाल्याची जुनी मोपेड शेजारून गेली आणि बग्गी थरथरली. मी मोठ्यानं हसलो. वर्गमित्राला लगेच फोन करून सांगितलं. नव्या दुचाक्यांच्या प्लगांना रेझिस्टर असतो, त्या गेल्या तर काही होत नाही; बॅटरीवरच्या गाड्यांना तर प्लगच नाही. आणखी काही वर्षांनी गल्लीत तिला थरथरवणारं काही उरणार नाही. आज दुधवाला होता, हे चांगलं झालं.

संध्याकाळी मामांना व्हिडिओ कॉल केला. आता ते गावी असतात, ऐकू कमी येतं. गाडी कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांनी लगेच ओळखली. किंमत आठवते का विचारलं तर म्हणाले, दुकानदाराशी तमिळमध्ये घासाघीस केलेली आठवते, आकडा नाही. मग एकदम त्यांच्या जुन्या दरडावणीच्या सुरात, "सेल काढून ठेवलेस का?"

काढले. भाऊबीजेला मामा येणार आहेत, तोवर दोन कामं उरलीत. रिमोटच्या अँटेनाचा शेवटचा तुकडा मोडलाय, मिरजेला जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडं त्या जाडीचा मिळतो का बघायचं. आणि सेलच्या झाकणाची एक कडा तुटलीय, सध्या ती चिकटपट्टीवर आहे. तात्यांकडं गाडी नेईन तेव्हा पत्र्याची छोटी पट्टी मागून घेतो. पट्टीचे पैसे मात्र या वेळी द्यायचेच.