फायब्रोस्कॅनला जाताना चहासुद्धा नको

सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं, आणि फायब्रोस्कॅन (यकृत किती ताठर झालंय ते बाहेरूनच मोजणारी तपासणी) व्हायला दोन महिने लागले. त्यातले पाच आठवडे केवळ चिठ्ठीवर एक ओळ नसल्यामुळे गेले.

परळच्या त्या सेंटरने तारीख दिली, 'जुने रिपोर्ट आणा' सांगितलं. तीन तास काही खाऊ नका, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. साडेनऊला दादरला उतरून मी चहा-वडापाव घेतला. सव्वाअकराला नंबर लागला. टेक्निशियनने पहिला प्रश्न विचारला, "काही खाल्लंय?" आणि परत पाठवलं. त्याचं बरोबरच होतं. खाल्ल्यावर यकृताकडचा रक्तप्रवाह वाढतो, यकृत तेवढ्यापुरतं ताठर होतं आणि आकडा जास्त येतो. पण ही बुकिंग करतानाच सांगायची गोष्ट आहे. दुसरी रजा टाकावी लागली, त्याचा राग अजून आहे. म्हणून फोनवरच दोन गोष्टी विचारा: किती तास उपाशी यायचं, आणि वजन जास्त असेल तर एक्स-एल प्रोब (अंगावर टेकवायच्या भागाचा जाड अंगासाठीचा प्रकार) आहे का. साध्या प्रोबने जाड पोटावर रीडिंग नीट येत नाही.

तपासणी दहा मिनिटांची. उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांमध्ये जेल, आणि टिचकी मारल्यासारखे दहा-बारा ठोके. रिपोर्टवर निदान दहा ग्राह्य रीडिंग हवीत. माझं ६.८ केपीए (किलोपास्कल, ताठरपणाचं माप) आलं. ८ च्या खाली असेल तर यकृतात गंभीर व्रण (कडक झालेले चट्टे) असण्याची शक्यता कमी.

सोनोग्राफीचा ग्रेड फक्त चरबी दाखवतो, व्रण नाही. त्यासाठी आधी फिब-४ काढा, म्हणजे रक्ताच्या रिपोर्टवरून व्रणांचा धोका सांगणारा आकडा: (वय गुणिले एसजीओटी) भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताच्या रक्ततपासणीतली एन्झाइम्स. माझं वय ४९, एसजीओटी ५८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २.१ लाख, उत्तर १.६९. प्लेटलेट हजारांत, म्हणजे २१० धरायच्या. २.१ टाकल्या की १६९ येतं आणि माणूस हादरतो. १.३ च्या खाली धोका कमी, २.६७ च्या वर थेट लिव्हरच्या डॉक्टरांकडे, मधलं असेल तर फायब्रोस्कॅन. पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ धरतात.

औषधापेक्षा वजन महत्त्वाचं. ८२ किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो उतरवले तर सूजही ओसरते. पण आठवड्याला किलोपेक्षा जास्त नको, उपासमारीने यकृत उलट बिघडतं. उसाचा रस, कोल्ड्रिंक आणि दारू आधी बंद. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या.

आणि हो, हिपॅटायटिस बी आणि सी त्याच रक्तात तपासून घ्या, पुन्हा सुई टोचायला नको.