उरलेले पैसे कुणाचे?

घरखर्चातून जे उरेल ते घर चालवणाऱ्या बाईचं, हा आमच्या आईच्या पिढीचा कुठेही न लिहिलेला नियम होता. गेल्या आठ-दहा वर्षांत तो आपल्या घरांतून कधी निघून गेला ते कुणाच्या लक्षातपण आलं नाही, म्हणून हे लिहितेय. बचतीवर लिहिणारे खूप आहेत, एसआयपी किती करावी, टर्म इन्शुरन्स किती असावा, सगळं वाचायला मिळतं, पण नोकरी न करता घर सांभाळणाऱ्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून किती पैसे असतात यावर कुणी बोलताना दिसत नाही.

आमचं माहेर डोंबिवलीचं. बाबा एमआयडीसीत एका कंपनीत होते, सात तारखेला पगाराचं पाकीट यायचं, त्यातले घरखर्चाचे ते आईच्या हातात द्यायचे आणि मग महिनाभर त्यात डोकं घालायचे नाहीत. रात्री जेवणं झाली, ओटा आवरला की आई जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं घेऊन बसायची. एकावर दूध, एकावर वाणी, एकावर लाईट बिल, एकावर मुलांची फी आणि एकावर आला-गेला. दुधाचा हिशोब कालनिर्णयवर, ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेवर फुली. महिनाअखेरीला पाकिटांत जे राहील ते दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशवीत जायचं, पिशवीला रबर लागायचं आणि ती गव्हाच्या कोठीत, कडेने कोपरापर्यंत हात घालून खाली सरकवलेली. कोठीच का, तर एप्रिल-मे मध्ये वर्षाचे गहू भरले की त्यात हात घालणारी घरात ती एकटीच.

आणि हे पैसे आपोआप उरायचे नाहीत, ती ते उरवायची. भाजीला रात्री साडेआठनंतर जायची, कारण भाजीवाल्या उठायच्या घाईत असल्या की शेवटचे वाटे निम्म्यात देतात. रद्दीचे पैसे तिचे. जुन्या साड्या बोहारणीला घालून स्टीलची पातेली घ्यायची, तेवढा भांड्यांचा खर्च वाचला. पाडव्याची बाबांची ओवाळणी, भाऊबीजेची मामांची ओवाळणी, सगळं त्या पिशवीत. जरा जास्त जमले की गुरुपुष्यामृताला एखादा ग्रॅम सोनं. बाबांच्या कंपनीत लॉकआऊट झाला तेव्हा ती पिशवी बाहेर आली आणि आमच्या फिया वेळेवर भरल्या गेल्या, वाण्याचं खातंसुद्धा थकलं नाही. त्यात एकूण किती आहेत हे बाबांनी तेव्हाही विचारलं नाही आणि आईनेही सांगितलं नाही. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग ८ नोव्हेंबर २०१६. रात्री टीव्हीवर ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्याचं ऐकलं आणि आई उठून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. नोटांना गव्हाचा वास येत होता, काहींच्या घड्यांना कोठीतलं एरंडेल लागलं होतं, आणि सगळ्यांच्या देखत जेवणाच्या टेबलावर त्या मोजाव्या लागल्या. मग बँकेची रांग, आधारची झेरॉक्स, आणि पैसे जमा झाले ते बाबांबरोबरच्या जॉइंट खात्यात, कारण तिचं एकटीचं खातं कधी काढलंच नव्हतं. बाबा एका शब्दाने काही बोलले नाहीत, उलट त्यांना कौतुकच वाटलं. पण पिशवी पुन्हा भरली नाही. "आता काय, सगळ्यांना कळलंच की" एवढंच ती म्हणाली. मला ते तेव्हा साधं वाटलं होतं, आता वाटत नाही.

त्या वेळी सरकारने म्हटलं होतं की गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर विचारणार नाही, तरी काही बायकांच्या मागे इन्कम टॅक्सवाले लागलेच. २०२१ मध्ये इन्कम टॅक्सच्या वादांवरची अपिलं ऐकणाऱ्या इन्कम टॅक्स अपिलेट ट्रिब्युनलच्या आग्रा बेंचने अशाच एका गृहिणीच्या बाजूने निकाल दिला. तिने २,११,५०० रुपये भरले होते आणि ते तिचं लपवलेलं उत्पन्न आहे असं खात्याचं म्हणणं होतं. ट्रिब्युनलने मान्य केलं की बायका भाजीवाल्याशी घासाघीस करून, सणावाराला नातेवाईकांनी हातावर ठेवलेले साठवून वर्षानुवर्षं असे पैसे मागे टाकतात, आणि नोटबंदीतले अडीच लाखांपर्यंतचे असे पैसे उत्पन्न म्हणून धरायचे नाहीत. आमच्या कोठीतल्या पिशवीचं वर्णन एका सरकारी कागदावर आलंय असं वाटलं वाचताना.

आता यूपीआयचं सांगते. यूपीआयला माझा विरोध नाही, मी स्वतः दिवसभर स्कॅन करते. पण त्याने एक गोष्ट बदलली. आधी घरखर्चाची रक्कम एक तारखेला किंवा सात तारखेला पूर्णच्या पूर्ण बाईच्या हातात यायची, म्हणून त्यातून वाचलेला रुपया तिच्याकडेच राहायचा. आता नवऱ्याच्या खात्यातून जसा खर्च तसे पैसे जातात. एकशे सदतीस रुपयांची भाजी घेतली तर एकशे सदतीसच कटतात. तिने फिरून, भाव करून वीस रुपये वाचवले तर ते वीस रुपये वाचतात कुठे, तर नवऱ्याच्या खात्यात. काटकसर तिची आणि शिल्लक त्याची. यात कुणाचा वाईट हेतू नाही, व्यवस्थाच तशी झालीय.

दादाच्या घरात हे मी अगदी जवळून बघितलं. वहिनी लग्नाआधी आठ वर्षं नोकरी करत होती, मुलगा झाल्यावर सोडली. तिच्या फोनमध्ये अॅप आहे पण खातं दादाबरोबरचं जॉइंट, आणि बँकेत नंबर दादाचा, त्यामुळे प्रत्येक खर्चाचा मेसेज दादाच्या फोनवर टिंग करून वाजतो. तिने तिच्या आईला गुडघ्याचा पट्टा आणि औषधं पाठवली, दुपारी दादाचा ऑफिसातून फोन, "मेडिकलला साडेतीन हजार कसले गं गेले?" त्याने काळजीनेच विचारलं, कुणी आजारी आहे का म्हणून. पण वहिनी मला म्हणाली, "त्यांनी नाही म्हटलं नसतंच. पण माझ्या आईला काही घेतलं की मला सांगावं लागतं आणि त्यांच्या आईला घेतलं की लागत नाही."

मी दादाशी बोलले तर त्याचं उत्तर प्रत्येक घरात मिळेल तेच, "अगं मी तिला पैशाला कधी नाही म्हटलंय का?" नसेल म्हटलं, खरंच कधी नकार दिला नाही. पण मागितल्यावर मिळणारे पैसे आणि आपले पैसे यात फरक आहे आणि तो फरक दर महिन्याला पगार घेणाऱ्या माणसाला सांगून पटकन कळत नाही. मी त्याला म्हटलं की दादा, तुझा पगार कंपनीने दर वेळी विचारशील तेव्हा दिला, कधीच नाही म्हटलं नाही, पण दर वेळी कशाला हवेत ते सांगायचं, तर चालेल का तुला? यावर तो थोडा वेळ गप्प बसला.

सुप्रीम कोर्टाने हे फार नीट म्हटलंय. जुलै २०२४ मध्ये घटस्फोटित मुस्लिम महिलेच्या पोटगीच्या एका निकालात न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं, त्यात स्वतःचं उत्पन्न नसलेल्या गृहिणींचा मुद्दा काढला आणि नवऱ्यांनी बायकोला जॉइंट खातं, एटीएम कार्ड अशा मार्गांनी पैशांपर्यंत पोचू द्यायला हवं असं सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी मद्रास हायकोर्टानेही म्हटलं होतं की बाईने घर सांभाळलं म्हणून नवऱ्याला कमावता आलं, त्यामुळे त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही वाटा आहे. माझं मत याच्या एक पाऊल पुढे आहे. जॉइंट खातं हवंच, पण नुसतं जॉइंट पुरत नाही. एक खातं तिच्या एकटीच्या नावावर आणि तिच्याच मोबाईल नंबरवर पाहिजे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं बघा. लाडकी बहीणचे दीड हजार २०२४ च्या ऑगस्टपासून यायला लागले, त्यासाठी आधार जोडलेलं स्वतःचं खातं लागतं म्हणून त्यांनी पोस्टात खातं काढलं, त्याआधी सगळं मुलाच्या खात्यात जायचं. योजनेवर काय वाद घालायचे ते घाला, पण मावशींनी त्यातून जमवून नातीच्या कानातले केले आणि मला दाखवायला घेऊन आल्या. "पोरगा मागतो, मी देत नाय, माझ्या नावचे हायेत ते" असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता असा होता.

कमावत्या बायकांनी हे आपल्याला लागू नाही असं समजू नये. माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत बायकोच्या पगारातून किराणा, शाळेची फी, स्वयंपाकाच्या मावशी, सणवार, आहेर जातात आणि नवऱ्याच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता. सोय म्हणून ठरलेलं असतं, तिचा पगार कमी मग तिने वरचं बघायचं. पंधरा-वीस वर्षांनी त्याच्याकडे फ्लॅट असतो आणि तिने भरलेलं सगळं खाऊन-पिऊन संपलेलं असतं. दोघांनी सारखंच दिलं, कदाचित तिने जास्तच दिलं, पण कागदावर तिचं काही नाही. म्हणून हप्ता कुणाचा आणि किराणा कुणाचा हे ठरवताना निदान अॅग्रीमेंटवर दोघांची नावं घाला. आपल्याकडे महाराष्ट्रात २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत एक टक्का सूट आहे, पन्नास लाखांच्या घरावर ती पन्नास हजार होते. घर घेताना ब्रोकरने सांगितलं नाही तरी तुम्ही विचारा.

तर दादाच्या घरी काय केलं ते सांगते. वहिनीचं नोकरीच्या वेळचं जुनं पगाराचं खातं बंद पडल्यात जमा होतं, ते केवायसी करून चालू केलं, नंबर तिचा. पाच तारखेला घरखर्चाची ठरलेली रक्कम दादा तिथे टाकतो. भाजी, दूध, किराणा, गॅस, इस्त्री, मुलाचे क्लास त्यातून, आणि उरलं ते तिचं, त्याचा हिशोब द्यायचा नाही. कमी पडले तर मात्र दोघांनी बसून बघायचं, कारण महागाईचा भार एकटीवर टाकणं हा पण अन्यायच आहे. लाईट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, हप्ते दादाच्या खात्यातून थेट. पहिले दोन-तीन महिने काहीच उरलं नाही, मग उरायला लागलं, कारण दहा मिनिटांत घरी सामान आणून देणाऱ्या अॅपवरून आलं-लिंबू मागवणं वहिनीने बंद केलं आणि चालत बाजारात जायला लागली. आपल्या हातात पडणार असेल तर माणूस वीस रुपयेही जपतो.

तिने पोस्टात आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव काढली, महिन्याला शंभर रुपयांपासून निघते, पाच वर्षांची, सध्या ६.७ टक्के. मला विचाराल तर पीपीएफ, म्हणजे सरकारचं लांब मुदतीचं बचत खातं, तेही तिच्या नावावर वेगळं असावं, वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी चालू राहतं. आणि नवऱ्याने दिलेल्या पैशाचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात ती भानगड इथे उरत नाही, कारण पीपीएफच्या व्याजाला टॅक्सच नाही. भिशी लावायची तर ओळखीतल्या बायकांचीच आणि बुडाली तरी घर हलणार नाही एवढीच. पतसंस्थेबद्दल मात्र कळकळीने सांगते. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी एक लाख होता. पतसंस्थेला हा विमा नाही. आमच्या जुन्या चाळीतल्या एका काकूंनी दीड-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून सगळं एका पतसंस्थेत ठेवलं, शटर खाली आलं आणि काकू अजून खेपा घालतायत.

आणि नॉमिनी, म्हणजे आपल्यामागे बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यायचे ते नाव. बाईच्या खात्याला नॉमिनी नवरा आणि नवरा गेल्यावर कुणीच नाही, अशी खाती घरोघर आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाला किती टक्के तेही लिहिता येतं. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या फंडात वळत्या करतात, त्या शोधायला उद्गम नावाचं पोर्टल आहे, आजी-आजोबांच्या नावाने एकदा बघा तिथे.

आईसाठी मी आता तिच्या एकटीच्या नावाचं खातं काढून दिलंय, बाबांच्या पेन्शनमधून दर महिन्याला ठरलेले तिकडे जातात, एटीएम कार्ड तिच्या पर्समध्ये. दादाने आणि वहिनीने दर गुढीपाडव्याला बसून घरखर्चाची रक्कम नव्याने ठरवायची असं नक्की केलंय, आणि यंदा तेल, दूध आणि क्लासची फी तिन्ही वाढल्यामुळे वहिनीने अडीच हजार वाढवून मागितले, दादाने तीन दिले.