मग काय, बघू का?

सिनेमा पाहून आले की दुसऱ्या दिवशी डबा खाताना विचारणा ठरलेलीच, ‘कसा होता गं? बघू का?’ मी त्यातला एखादा प्रसंग सांगायला लागते. मग कुणीतरी म्हणतंच, ‘अगं, चांगला की वाईट तेवढं सांग ना!’ परवा वहिनींनीही विचारलं, ‘चांगला की वाईट एवढंच का नाही सांगत?’ वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पूर्वी मी तेवढंच सांगायचे. एप्रिल २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ लागला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, म्हणून पहिल्याच शनिवारी गेले. मार्चअखेरचं काम नुकतंच संपलं होतं, डोळे मिटत होते, आणि पडद्यावर तारखांवर तारखा पडत होत्या. कॅमेरा लांब एका जागी ठेवलेला, हलायचं नाव नाही. सोमवारी बँकेत चौघींनी विचारलं. ‘संथ आहे गं, नाही पाहिलात तरी चालेल,’ म्हटलं. चौघींचा येत्या शनिवारचा बेत मोडला. पुढच्या आठवड्यात आमच्या गावातून सिनेमा उतरलाही.

पुढे कधीतरी तो घरी, निवांत, पुन्हा पाहिला. गोष्ट नारायण कांबळे या म्हाताऱ्या शाहिराची. त्याच्या गाण्यामुळे एका गटार कामगारानं जीव दिला, असा त्याच्यावर आरोप. त्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. नवरा गटारात उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली की आत हवा आहे म्हणायचं आणि उतरायचं. हे ती रडत सांगत नाही, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगते. मी तिथे थांबवलं, पाणी प्यायले, मागे नेऊन पुन्हा ऐकलं. थेटरात हाच प्रसंग मी पाहिला होता आणि मला तो आठवतही नव्हता.

त्याच कोर्टात बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून एका बाईची सुनावणी पुढे ढकलली जाते. सरकारी वकील बाई संध्याकाळी लोकलनं घरी जातात, स्वयंपाक करतात. हे सगळं कॅमेरा लांबून, न हलता बघत राहतो. अगदी शेवटाकडे सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे एकेक करून बंद होतात आणि खोलीत अंधार होतो. २०१५ मध्ये याच जागी मी घड्याळ पाहिलं होतं. या वेळी मला तो अंधार अजून थोडा हवा होता, कारण शाहीर तुरुंगातच आहे आणि बाकी सगळे सुट्टीवर गेलेत.

म्हणजे त्या सोमवारी मी माझा थकवा त्या सिनेमाच्या नावावर खपवला होता. छोट्या मराठी सिनेमाचं पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारवर सगळं अवलंबून असतं. खुर्च्या रिकाम्या राहिल्या की सोमवारपासून खेळ कमी होतात. तेव्हा डब्याच्या वेळेला सहज टाकलेला शब्दही हलका नसतो. याची मला आजही चुटपुट आहे.

म्हणून आता मी प्रसंग सांगते, आणि विचारणारी कोण आहे तेही बघते. मावशीचा प्रश्न नेहमी एकच असतो, ‘रडायला लावतो का गं?’ काका गेल्यापासून ती मरणाचे सिनेमे टाळते. सप्टेंबर २०२५ मध्ये रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ (म्हणजे निवडुंगाची फळं) पाहून आले तेव्हा तिला काय सांगावं कळेना. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, तिथेच सुरुवात. लग्न कधी करणार म्हणून नातेवाईक पाठीस लागलेले. आणि बाळ्या हा त्याचा लहानपणचा मित्र, त्याच्याशी हळूहळू जुळत जाणारं प्रेम.

मी तिला काही लपवलं नाही. म्हटलं, ‘सुतक आहे, दोन मुलग्यांचं प्रेम आहे. पण ओरडाआरडा कुठेच नाही, आणि आईला मुलाचं सगळं ठाऊक असतं. बाळ्या त्याच्यासाठी साबराची बोंडं आणतो, ते बघ.’ ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, ‘बघते.’

रविवारी रात्री तिचा फोन आला. आधी म्हणाली, ‘त्या आईचं बरं वाटलं मला.’ मग बराच वेळ बोंडांवरच बोलत राहिली. त्यांच्या बांधावर साबराचं कुंपण होतं. बोंडं काठीनं पाडायची, मातीत घोळवून बारीक काटे काढायचे, आणि खाल्ली की तोंड इतकं लाल व्हायचं, की घरी लपवता यायचं नाही. मी इतकी वर्षं तिच्याकडे जाते, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. ‘आता कुठे मिळतात का गं ती?’ तिनं विचारलं.