मागचा लोखंडी जिना आणि आमची सोसायटी, माझा अनुभव

आमची बिल्डिंग वसईत, सात मजली, मागच्या बाजूने बाहेरून लोखंडी जिना, आग लागली तर उतरायला. एरवी तिकडे कोण बघतंय, पावसाळ्याआधी कोणीतरी सिल्व्हर पेंट मारून जातो आणि विषय संपतो. मी कमिटीत आलो तेव्हा जानेवारीचा फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची व्यवस्था धड असल्याचा दाखला, द्यायला एजन्सीचा माणूस आला होता (२००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे हा फॉर्म वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, लायसन्सवाल्या एजन्सीकडून घ्यावा लागतो). त्याने आग विझवायचे सिलिंडर बघितले, होज रील (पाण्याच्या पाइपाचं रीळ) खेचून बघितली, पंप चालवला, झालं. म्हटलं, जिन्याचं काय? तर म्हणे, पेंट चांगलाय की साहेब.

पेंट चांगलाच होता. पण खाली उभं राहून वर बघितलं तर जिना धरून ठेवणारे ब्रॅकेट जिथे भिंतीत शिरतात तिथून तपकिरी ओघळ आलेले आणि आजूबाजूचं प्लास्टर फुगून तडकलेलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं, त्याने पायऱ्यांच्या आधी तेच बघितलं. तो म्हणाला, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आतल्या आत काँक्रीट फोडतो, पायऱ्या धड दिसल्या तरी जिना ज्याच्यावर उभाय तेच गेलेलं असतं. मग हातोडी घेऊन वर चढला. चांगल्या ठिकाणी टण्ण आवाज, गंजलेल्या ठिकाणी बद्द. तिसऱ्या मजल्याजवळच्या एका पायरीत कोपऱ्यात पाणी साचायचं, तिथे हातोडीचं टोक सरळ आरपार गेलं आणि पेंटसकट गंजाचे पापुद्रे खाली पडले. शिवाय वेल्डिंगला बारीक चिरा, काही नट गायब, आणि रेलिंग धरून हलवलं की अख्खं हलायचं. आमच्याकडे खारा वारा, त्यामुळे हे सगळं जरा लवकरच होतं.

जनरल बॉडीत नेहमीचंच, वापरतंय कोण तो जिना, पुन्हा रंग मारा. मी हातोडीचा व्हिडिओ लावला, मग खर्च मंजूर झाला.

काँट्रॅक्टर म्हणत होता जुन्या पत्र्यावरच नवीन प्लेट वेल्ड करतो, स्वस्तात होईल. इंजिनिअरने साफ नाही सांगितलं, गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही आणि दोन्हीच्या मधे पाणी राहून आतून पुन्हा सडतं. खराब भाग कापून नवीन चेकर्ड प्लेट (पाय घसरू नये म्हणून उंचवट्यांची नक्षी असलेला पत्रा) बसवली, पाणी जायला भोकं ठेवली, ब्रॅकेट बदलून धड काँक्रीटमधे अँकर केले, बाकीचं घासून झिंक प्रायमर आणि मग रंग. काम चालू असताना हा जिना बंद, म्हणून आतल्या जिन्यातल्या सायकली आणि कुंड्या आधी हलवायला लावल्या, त्यावरून भांडणं झाली ती वेगळीच.

राहता राहिले जिन्याकडचे दरवाजे. चोरांच्या भीतीने लोकांनी कुलपं लावलेली आणि दोन मजल्यांवर बिजागऱ्याच जाम. मला विचाराल तर हे गंजापेक्षा वाईट, कारण जिना मजबूत असून उपयोग काय. आता आतून चावीशिवाय उघडेल असं लॅच बसवलंय, बाहेरून उघडत नाही. पाचव्या मजल्यावरच्या एका काकांनी तरी पुन्हा कुलूप लावलंय, ते या रविवारी मीटिंगमधे काढायला लावणार आहे.