ध्यानात हात कुठे ठेवायचे?

"ध्यानाला बसताना ती बोटं कशाला जुळवायची? त्यानं खरंच काय होतंय, का नुसती रीत?" आमचा छोटा गट सकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठी ध्यानाला बसतो, तेव्हा फिरायला आलेल्यांपैकी कुणीतरी थांबून हे विचारतंच. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावरही विचारलं गेलंय. तिथं दोन वाक्यांत उत्तर उरकावं लागतं आणि मला मात्र सांगायचं असतं पुष्कळ. तुम्हीही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

होतं. नक्की होतं. पण बोटांतून कुठली तरी शक्ती वाहू लागते म्हणून होतं, असं मी कुणाला सांगत नाही. माझ्या मते मुद्रेचं, म्हणजे बोटं-हात ठरावीक पद्धतीनं धरण्याचं, काम राखणीचं आहे. मन निसटलं की ते मनाला कळत नाही. गेलेलं मन परत येतं तेव्हा कळतं, तोवर सगळा बाजार हिंडून झालेला असतो. हाताला मात्र आधी कळतं.

हे नीट सांगते. चिन्मुद्रा घ्या, सगळ्यांना माहीत असलेली. तर्जनीचं टोक अंगठ्याच्या टोकाला टेकवायचं, उरलेली तीन बोटं सैल लांब सोडायची, मनगट गुडघ्यापाशी टेकवायचं. खांदे खाली, कोपर अंगाला आवळलेलं नको. आता दाब किती? करंड्यातलं कुंकू चिमटीत धरताना जेवढा देतो तेवढाच. डोळे मिटा, श्वास चालू दे आणि लक्ष त्या दोन टोकांच्या मधल्या स्पर्शावर ठेवा. थोड्या वेळानं दोनपैकी एक होतं. एक तर बोटं एकमेकांवर आवळली जातात, नखाचा कडेचा भाग पांढरा पडतो. अशा वेळी बघा, मन हमखास कुणाशी तरी भांडत असतं, नाहीतर उद्याच्या कामाची यादी करत असतं. नाहीतर बोटं हळूच सुटतात, मध्ये फट पडते. म्हणजे डुलकी लागली. दोन्ही वेळा करायचं एकच, दाब पुन्हा कुंकवाच्या चिमटीएवढा आणायचा. स्वतःवर चिडायचं नाही, "माझं मनच लागत नाही" असा सूर लावायचा नाही. आवळणं आणि सुटणं यांच्या मधली ती जागा पुन्हा पुन्हा शोधणं, हाच मला मुद्रेतला तोल वाटतो. तो एकदा साधला आणि कायमचा मिळाला असं होत नाही. एका बैठकीत अनेकदा जातो, अनेकदा येतो.

मग बोटंच का, कोपर किंवा पाठ का नाही? याचं उत्तर शरीरात आहे. वाइल्डर पेनफील्ड या कॅनडातल्या मेंदूच्या शल्यविशारदानं रुग्ण जागे असताना मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा सौम्य स्पर्श करून, कुठल्या जागेचा संबंध शरीराच्या कुठल्या भागाशी आहे ते नोंदवलं. 1937 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या नकाशात हात आणि चेहरा यांनी बळकावलेली जागा अफाट आहे, अख्ख्या पाठीला त्यामानानं फारच थोडी. बोटांच्या टोकांवर स्पर्श ओळखणारी केंद्रंही दाट असतात. म्हणून एवढ्याशा टेकण्यात लक्ष ठेवायला पुरेसं काही सापडतं. पाठीवर लक्ष ठेवून बघा, लगेच कंटाळा येतो.

त्यात श्वासाची भर घाला. श्वास सोडायला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावला की नाडी जराशी मंदावते, ते कुणालाही मनगटावर बोट ठेवून तपासता येतं. धडधड कमी होते ती श्वासानं. मुद्रा त्या श्वासापाशी तुम्हाला बसवून ठेवते. श्रेय ज्याचं त्याला द्यावं.

इथं कुणीतरी पंचमहाभूतांचं विचारतं. परंपरेत सर्वाधिक शिकवली जाणारी मांडणी अशी: अंगठा अग्नी, तर्जनी वायू, मधलं बोट आकाश, अनामिका पृथ्वी, करंगळी जल. मी ही मांडणी शिकवते आणि मनापासून शिकवते, कारण तिच्यामुळे प्रत्येक बोटाला एक भाव मिळतो. अनामिका टेकवून पृथ्वी म्हटलं की माणूस खरोखरच जड होऊन बसतो, हे मी समोर बघितलंय. देवपूजेतल्या करन्यासातही मंत्र म्हणत एकेका बोटाला स्पर्श करतातच. पण अमुक बोट दाबलं की साखर उतरते, तमुक वाकवलं की कानदुखी थांबते, असे तक्ते मोबाईलवर फिरतात ना, त्यांच्यावर विसंबून कुणी गोळी बंद केली तर माझा जीव कासावीस होतो. गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायची नाही. मुद्रा तिच्या जोडीला करा, बदल्यात नको.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. हठयोगाचे दोन जुने ग्रंथ घ्या: हठयोगप्रदीपिकेच्या तिसऱ्या प्रकरणात दहा मुद्रा आहेत आणि घेरंडसंहितेत पंचवीस. त्या बहुतेक बोटांच्या नाहीतच. महामुद्रा, खेचरी, मूलबंध, विपरीतकरणी: अख्खं अंग, जीभ, पोट, श्वास यांना बांधणाऱ्या आहेत त्या. हस्तमुद्रांचा ओघ जास्त करून पूजा, तंत्र, मूर्ती आणि नृत्य यांच्याकडून आला. म्हणून "ही मुद्रा चुकली तर उलटा परिणाम होईल का?" या भीतीला मी थारा देत नाही.

मूर्तींकडे बघायला तर आपल्याला लांब जायला नको. आपल्या अंबाबाईच्या चारही हातांत काही ना काही आहे: म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र. ती जगाचा कारभार बघणारी, तिचे हात रिकामे कसे असतील! आणि इथून तासाभराच्या वाटेवर, कुंभोजच्या डोंगराजवळ बाहुबलीची 28 फुटी उभी मूर्ती आहे. तिचे हात बघा. कायोत्सर्गात, म्हणजे जैनांच्या उभ्या ध्यानात, दोन्ही हात सरळ खाली सोडलेले, बोटं कुठंच जुळवलेली नाहीत. बसलेल्या तीर्थंकरांच्या मूर्तीत हात मांडीवर, तळव्यावर तळवा. म्हणजे जुळवलेली बोटं, तळव्यावर तळवा आणि पूर्ण सोडलेले हात, या तिन्ही वाटा आपल्या भोवती आहेतच. माझ्याकडे नवीन येणाऱ्याला मी आधी बाहुबलीला जाऊन निवांत उभं राहून यायला सांगते. हात सोडणं किती अवघड आहे ते तिथं कळतं. आपण उभे राहिलो की हात लगेच खिशात, पदराशी, नाहीतर मोबाईलवर.

गटात एक मावशी आहेत, कोल्हापुरी चपलांच्या वेण्या घालतात. चामड्याच्या पट्ट्या ओढून ओढून त्यांच्या तर्जनीचं आणि अंगठ्याचं टोक घट्ट झालंय. चार दिवस बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, मला कायबी कळंना बघा. टेकलंय का न्हाई, बोटाला म्हायतीच न्हाई." मी त्यांचा हात हातात घेतला. कातडीवर बारीक काळसर चिरा, त्यात रंग बसलेला. तर्जनी वाकवून तिचं टोक अंगठ्याच्या मुळाशी, मऊ गादीवर टेकवायला सांगितलं. हाही चिन्मुद्रेचाच एक प्रकार आहे. टोकाला कळलं नाही तरी गादीला कळलं. मावशी म्हणाल्या, "आता कळतंय की ओ!" आणि त्या दिवशी सगळ्यांत उशिरा डोळे उघडले त्यांनी. त्यांच्यामुळे माझी खात्री पक्की झाली: जिथं तुम्हाला स्पर्श कळतो ती तुमची मुद्रा. चित्रात कशी दिसते त्याला महत्त्व नाही.

तळवा वर की खाली, यावरून पुष्कळ वाद चालतो. सकाळी पेंगत येणाऱ्यांना मी वर ठेवायला सांगते, त्यानं छाती जरा उघडते. घरातनं तणतणत आलेल्यांना पालथा हात मांडीवर, तो त्यांना लवकर बसवतो. ज्यांना दोन्हींत चैन पडत नाही त्यांनी ध्यानमुद्रा घ्यावी: डाव्या तळव्यावर उजवा, अंगठ्यांची टोकं एकमेकांना हलकेच टेकलेली. तिथंही राखण तीच. अंगठे वर ताठले की मन ताणलंय, खाली पडले की झोप.

एकच निवडा आणि महिनाभर तीच ठेवा. रोज नवी मुद्रा करणाऱ्याचं लक्ष मुद्रा आठवण्यातच जातं. सुरुवातीला दहा मिनिटं पुष्कळ झाली. हाताला मुंग्या आल्या तर मनगट वाकडं राहिलंय का बघा, सरळ करा, तरीही थांबल्या नाहीत तर बोटं मोकळी सोडा. सांधे धरलेल्या हातांनी बोटं जबरदस्तीनं वाकवू नयेत, तळव्यावर तळवा ठेवून बसावं. आणि खुर्चीवर चालतं का, असं विचारणाऱ्या सगळ्या काकूंना सांगते: चालतं. पाय जमिनीला टेकू देत, पाठीला उशी घ्या आणि मांडीवर हात ठेवून बसा.