समोवार, सरवा आणि लेव्ही

आमच्या गावच्या वाचनालयात खिडकीलगतच्या लोखंडी कपाटावर ‘रशियन पुस्तके’ ही तेलरंगातली अक्षरे अजून वाचता येतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या या लहानशा गावात ती पुस्तके आली आमच्या एका गुरुजींमुळे. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनगृहांनी छापलेली मराठी पुस्तके त्या काळी लोकवाङ्मय गृहामार्फत अगदी अल्प किमतीत मिळत, आणि गुरुजी शहरातल्या प्रदर्शनातून पिशवी भरून ती आणीत. जाड पुठ्ठ्याची बांधणी, पानभर चित्रे आणि मॉस्कोत राहून काम करणाऱ्या अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांचे सरळ, घरगुती मराठी, असा तो ऐवज होता. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि पिशवी येणे थांबले. पुढची तीस वर्षे त्या प्रदेशाविषयी मला जे ठाऊक होते, ते जवळजवळ सगळे त्या एका कपाटातून आलेले होते.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशिया आणि युक्रेनचे मोठे युद्ध सुरू झाले, काही दिवसांतच किराणा दुकानात सूर्यफुलाच्या तेलाचा भाव चढला, आणि पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी मला विचारले, “हे दोघं तं पयले एकच होते न बाप्पा? मंग भांडून काऊन राह्यले?” गावात वाचणारा माणूस म्हणून मला ओळखतात, त्यामुळे उत्तर देणे भाग होते आणि मला ते देता आले नाही. त्या हिवाळ्यापासून मी कपाटातली पुस्तके पुन्हा वाचायला घेतली, आणि कपाटात नसलेली पुस्तके हिंदी-इंग्रजीतून मागवू लागलो. हरभरा आणि तुरीच्या दिवसांत रानडुकरांपासून व रोह्यांपासून पीक राखायला मचाणीवर जागल करावी लागते, ओलिताची वीजही बहुधा रात्रीच येते, त्यामुळे वाचायला वेळ भरपूर असतो.

रशियन कादंबरी अर्ध्यावर टाकणारे बहुतेक लोक नावांना कंटाळून टाकतात. मराठी वाचकाला खरे तर हा अडथळा वाटू नये, कारण स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव ही तिपदरी रीत आपलीच आहे. कथाकार अंतोन पावलोविच चेखव म्हणजे पावेलचा मुलगा अंतोन. नाव आणि पितृनाम जोडून हाक मारणे हा तिकडचा आदर, आपल्या ‘राव’ किंवा ‘पंत’ यांच्या जागी बसणारा. आणि अलेक्सांद्रचा साशा होतो तो आमच्या गजाननाचा गजा होतो त्याच मायेने किंवा त्याच तुच्छतेने. मात्र एक गोष्ट त्या कपाटाने मला कधी सांगितली नव्हती. रशियनमधला निकोलाय युक्रेनियनमध्ये मिकोला होतो आणि व्लादिमीरचा वोलोदिमिर होतो, म्हणजे एकाच माणसाला दोन भाषा दोन नावे देतात आणि त्यातले कोणते नाव पुस्तकावर छापले जाते यावर बरेच काही ठरते.

चेखवपासून सुरुवात केली हे बरे झाले. त्याचे आजोबा भूदास, म्हणजे जमिनीसकट जमीनदाराच्या मालकीचे शेतकरी, होते आणि १८४१ मध्ये त्यांनी पैसे भरून स्वतःला व कुटुंबाला सोडवून घेतले होते. स्वतः चेखव १८९२ ते १८९९ या काळात मेलिखोवो या खेड्यात राहून शेतकऱ्यांवर औषधोपचार करीत असे. त्या अनुभवातून आलेल्या, १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मुझिक’ (म्हणजे शेतकरी) या दीर्घकथेत मॉस्कोतल्या हॉटेलात काम करणारा एक आजारी माणूस बायको-मुलीसह गावी परततो, आणि तिथले दारिद्र्य पाहून परतल्याबद्दल पस्तावतो. घरावर कराची थकबाकी असते, म्हणून गावचा मुखिया येऊन समोवार उचलून नेतो. चहाचे पाणी तापवण्याचे एक भांडे, पण ते गेल्यावर घराची इभ्रत गेल्यासारखी सगळ्यांना वाटते. माझ्या आजोबांच्या काळात कर्जवसुलीत आमच्या ओसरीवरचे तांब्याचे घंगाळ असेच उचलून नेले होते, आणि आजीने त्या जागेवर पुढे कितीतरी वर्षे दुसरे काही ठेवू दिले नाही. रशियन खेडे मला कळले ते त्या समोवारामुळे. त्याआधी वाचलेल्या जाडजूड कादंबऱ्यांतल्या उमरावांच्या मेजवान्यांतून ते कळणे शक्य नव्हते.

या थकबाकीमागचा इतिहास मी नंतर शोधला. १८६१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्सांद्रने भूदासपद्धती रद्द केली, परंतु जमीन फुकट दिली नाही. जमीनदारांना सरकारने बरीचशी रक्कम चुकती केली आणि ती शेतकऱ्यांकडून ४९ वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करायचे ठरवले. हप्त्यांची आणि करांची जबाबदारी साधारणपणे सबंध गावावर सामायिक असे, त्यामुळे एकाचे थकले की शेजाऱ्याच्या पोटात गोळा येई. १९०५ च्या उठावांनंतर हे हप्ते माफ झाले, म्हणजे मुक्ती मिळालेल्या माणसाचा नातू होईपर्यंत मुक्तीचे कर्ज फिटत होते. कर्जमाफीच्या याद्यांमध्ये आपले नाव शोधण्यात ज्यांची उमर गेली, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

गोगोल मी शाळेत ‘रशियन विनोदी लेखक’ म्हणून वाचला होता. मेलेले भूदास विकत घेत फिरणाऱ्या चिचिकोवची त्याची कादंबरी १८४२ ची. पुढची शिरगणती होईपर्यंत मेलेला भूदासही कागदावर जिवंतच असे आणि जमीनदाराला त्याचा डोईकर भरावा लागे; चिचिकोव ही नावे स्वस्तात घेऊन, ती गहाण टाकून सरकारी कर्ज काढू पाहतो. सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव अजून नांदत असलेली घरे आमच्या गावात निदान दहा तरी आहेत, त्यामुळे हे पुस्तक मी पारावर मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा लोकांना त्यात अतिशयोक्ती वाटली नाही. पण हा गोगोल जन्मला पोल्तावा प्रांतात, आजच्या युक्रेनमध्ये. पीटर्सबर्गला नोकरी शोधत असताना १८२९ मध्ये त्याने आईला पत्र लिहून गावाकडचे पोशाख, लग्नाच्या चालीरीती, भुताखेतांच्या समजुती सविस्तर कळवायला सांगितल्या, आणि त्यांतून त्याची पहिली गाजलेली कथापुस्तके उभी राहिली. सोरोचिन्त्सीची जत्रा, तिथले बैल, टरबुजे, बडबडा मधपाळ कथेकरी हे सगळे मी तीस वर्षे रशियन समजत होतो. भाषा रशियन होती, गाव युक्रेनियन होते.

ज्याने ती दुसरी भाषा सोडली नाही त्याचे नाव आमच्या कपाटात नव्हते. तारास शेवचेन्को १८१४ मध्ये भूदासाच्या पोटी जन्मला. त्याची चित्रकला पाहून पीटर्सबर्गच्या कलावंतांनी झुकोव्स्की या कवीचे व्यक्तिचित्र सोडतीत काढले आणि आलेल्या २,५०० रुबलांतून १८३८ मध्ये त्याला मालकाकडून सोडवले. दोन वर्षांनी त्याचा ‘कोब्झार’ हा युक्रेनियन कवितासंग्रह आला. १८४७ मध्ये त्याला अटक होऊन साधा शिपाई म्हणून ओरेनबर्गकडे पाठवण्यात आले, आणि शिक्षेच्या कागदावर झार पहिल्या निकोलायने स्वतःच्या हाताने लिहिणे व चित्र काढणे या दोन्हींना मनाई लिहिली. तो चिमुकल्या वह्या शिवून बुटाच्या गळ्यात लपवीत असे आणि त्यांत कविता लिहीत असे. ४७ वर्षांच्या आयुष्यातली २४ भूदासपणात आणि १० हद्दपारीत गेली. १८६१ मध्ये भूदासमुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही झाल्यानंतर आठवड्याभरात तो वारला. ज्या झारची ती सही होती, त्याच्याच राजवटीत १८६३ च्या परिपत्रकाने आणि १८७६ च्या एम्सच्या हुकुमाने युक्रेनियन भाषेतल्या बहुतेक छपाईवर बंदी आली. एका हाताने माणूस मोकळा केला आणि दुसऱ्या हाताने त्याचे तोंड बांधले, हे दोन्ही एकाच राजाचे. जोतीराव फुल्यांना मानणाऱ्या माझ्या पिढीच्या वाचकाला शेवचेन्को तीस वर्षे उशिरा भेटावा याचे मला वाईट वाटते.

आता मातीविषयी. युक्रेन आणि दक्षिण रशियाच्या काळ्या मातीला चेर्नोझेम म्हणतात. आमची काळी बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली, उन्हाळ्यात ती हात जाईल एवढी भेगाळते. त्यांची काळी हजारो वर्षांच्या गवताळ रानातले गवत कुजून बनली, म्हणून तिच्यात सेंद्रिय अंश कितीतरी अधिक. शेतकऱ्याने हेवा करावा अशी ती जमीन आहे. अशा जमिनीवरची माणसे १९३२-३३ मध्ये उपाशी मेली, आणि कपाटातल्या एकाही पुस्तकात त्याचा उल्लेख नव्हता.

आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. पाऊस नव्हता, लोक खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली. त्यांना ‘लेव्ही’ हा शब्दही आठवतो, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराने ठरावीक ज्वारी घालण्याची सक्ती. १९३२ मध्ये युक्रेनमध्ये जे घडले ते पहिल्यापेक्षा दुसऱ्या शब्दाने अधिक समजते, फक्त ती लेव्ही कल्पनेपलीकडची होती. शेते आणि गुरे कोलखोज या सामुदायिक शेतीत सक्तीने घेतली गेली होती, चांगल्या कास्तकारांना ‘कुलक’ ठरवून सायबेरियाकडे धाडले होते, उत्पन्न घटले होते, आणि तरी धान्याचा कोटा पुरा करण्यासाठी पथके घराघरांत शिरून बियाणेसुद्धा उचलत होती. कोटा न भरणारी गावे काळ्या यादीत जात आणि त्यांचा मीठ-काडीपेटीचा पुरवठाही बंद होई. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने कोलखोजच्या मालाच्या चोरीला मृत्युदंड किंवा निदान १० वर्षांची कैद ठेवली. लोकांनी त्याला ‘पाच कणसांचा कायदा’ म्हटले. आमच्याकडे कापणीनंतर गोरगरीब बाया शेतात सरवा वेचतात, आणि कितीही कंजूष मालक असला तरी त्यांना अडवीत नाही. तिथे सरवा वेचणे हाच गुन्हा झाला. २२ जानेवारी १९३३ च्या आदेशाने युक्रेन आणि कुबानमधल्या शेतकऱ्यांना बाहेर पडण्यापासून रोखले, रेल्वेची तिकिटेही बंद केली. लोकसंख्याशास्त्रज्ञांच्या अंदाजाने एकट्या युक्रेनमध्ये सुमारे ३९ लाख माणसे मेली. युक्रेनियन लोक याला होलोदोमोर म्हणतात. हा वंशसंहार होता की सबंध शेतकरी वर्गावरचा घाला, यावर इतिहासकारांत वाद आहे. व्होल्गाकाठी आणि कझाकस्तानातही लाखो माणसे मेली. १९३७ च्या जनगणनेत माणसे अपेक्षेपेक्षा फारच कमी भरली, तेव्हा ती जनगणनाच रद्द करून तिच्या प्रमुखांना पकडण्यात आले. गोगोलच्या काळी मेलेले कागदावर जिवंत होते. इथे मेलेल्यांना मेलेले म्हणणेही गुन्हा ठरले.

या प्रकरणी मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते शोलोखोव या रशियन कादंबरीकाराने. सामुदायिक शेतीवरच्या त्याच्या कादंबरीचा पहिला भाग १९३२ मध्येच आला, आणि तिची हिंदी प्रत आमच्या कपाटात आहे. जनावरे कोलखोजमध्ये जाणार या भीतीने डॉन नदीकाठचे लोक रातोरात स्वतःची गुरे कापतात, असा त्यात प्रसंग आहे. श्चुकार नावाचा म्हातारा मांस खाऊन खाऊन आजारी पडतो, आणि लेखक आपल्याला हसवतो. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्या गावात मला तो प्रसंग वाचून हसू आले नाही. पण कादंबरीचा कल कोलखोजच्या बाजूने आहे, आणि तरुणपणी मी तिला इतिहास समजून वाचले. पुढे कळले की याच शोलोखोवने एप्रिल १९३३ मध्ये स्टालिनला दोन पत्रे लिहिली होती. धान्य काढून घेण्यासाठी त्याच्या जिल्ह्यात लोकांना मुलाबाळांसकट थंडीत घराबाहेर कसे काढले, कोठारांत कसे कोंडले, खोटेखोटे गोळ्या घालण्याचे प्रकार कसे झाले, हे त्याने पत्रांत लिहिले. स्टालिनने थोडे धान्य पाठवले, आणि मे महिन्यात उत्तर दिले की तुम्हाला एकच बाजू दिसते, हे शेतकरी सोव्हिएत सत्तेविरुद्ध मुकाट युद्ध करीत आहेत. एकाच माणसाचे छापील पुस्तक आणि खासगी पत्र यांच्यातले हे अंतर पाहिल्यापासून मी प्रत्येक पुस्तकाचे आधी छपाईचे पान उघडतो. कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणाच्या परवानगीने, हे पाहून मग पहिल्या प्रकरणाकडे वळतो.

इतिहासाची पुस्तके मी तुलनेने कमी वाचली. सेर्ही प्लोखी यांचा युक्रेनचा इतिहास २०१५ चा आहे. त्यातला एक धडा असा, की १६५४ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराजांनी जावळी घेण्याच्या दोन वर्षे आधी, युक्रेनमधल्या बोहदान ख्मेल्नित्स्की या सरदाराच्या कॉसॅक लढवय्यांनी मॉस्कोच्या झारशी पेरेयास्लावला जो करार केला, त्याचा अर्थ दोघांनी दोन प्रकारे लावला. एकाला ती कायमची शरणागती वाटली, दुसऱ्याला शर्तींवरची लष्करी मैत्री. पारावरच्या काकांना मी अखेर हेच उत्तर दिले. ते म्हणाले, “म्हंजे बटईचं भांडण आहे,” आणि मला ते पुरेसे अचूक वाटले.

आजच्या जगण्याविषयी वाचायचे असेल तर आंद्रेई कुर्कोवची २०१८ मधली मधपाळाची कादंबरी वाचावी. पूर्व युक्रेनमधल्या दोन्बासमध्ये दोन सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात ओस पडलेल्या गावात दोनच माणसे उरली आहेत, वीज नाही, आणि त्यातला एक जण तोफांच्या आवाजाने मधमाश्या बिथरतील म्हणून त्यांच्या पेट्या घेऊन दूर निघतो. कुर्कोव युक्रेनचा, पण ही कादंबरी त्याने लिहिली रशियनमध्ये. म्हणजे गोगोलचा गुंता अजून सुटलेला नाही. वीज नसलेल्या मचाणीवर ती वाचताना मला त्या माणसाचा दिनक्रम परका वाटला नाही, त्याचे भय मात्र सुदैवाने परके आहे.

शोलोखोवच्या वाचनालयातल्या प्रतीत मी ग्रंथपालांच्या संमतीने शेवटच्या कोऱ्या पानावर त्या दोन पत्रांचा आणि उत्तराचा सारांश लिहून ठेवला. गेल्या महिन्यात ते पुस्तक कोणीतरी नेऊन परत आणले, तेव्हा माझ्या मजकुराखाली पेन्सिलीने लिहिलेले होते : ‘मग बैलांचे काय झाले?’ मी त्याखाली लिहिले की १९२९ ते १९३३ या चार वर्षांत सोव्हिएत संघातली गुरे जवळजवळ निम्म्यावर आली, आणि घोडे निम्म्याहूनही कमी उरले.